मिठाच्या खाणीतला उजेड

शिरगुप्पे सरांनी दिवे घालवायची खूण केली, आणि तेवढ्यात सभागृहाचं मागचं दार ढकलून आई आत आली.

मी पडद्याशेजारी टाचणाचे कागद घेऊन उभी होते. आधी वाटलं, घरी काहीतरी झालं असणार. पण तिनं मला हातानंच 'तुझं चालू दे' असं सांगितलं आणि शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर जाऊन बसली. पिशवी मांडीवर, पदर डोक्यावर, आणि कपाळावर ते रुपयाएवढं कुंकू. कोल्हापुरात आमची फिल्म सोसायटी सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. मी तिथं नेमानं जायची, बोलायचीसुद्धा. आई मात्र कधी फिरकली नव्हती. "तुमचं ते बोबडं सिनेमं मला काय कळत्यात," असं म्हणून ती विषय मिटवायची.

ती का आली असेल ते दिवे गेल्यावर माझ्या लक्षात आलं. त्या दुपारी गावाकडून सुभेदार आले होते. घरात एकटं बसवेना म्हणून ती उठून आली असणार.

ते नव्व्याण्णव साल होतं. वर डोंगरात लढाई चालली होती, आणि आमच्या जिल्ह्यातल्या गावागावांत तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या येत होत्या. टीव्हीवर रोज कुणाची तरी आई दिसायची, कुणाची तरी बायको. माझी आई ते सगळं उभ्यानं बघायची. बसून बघायची नाही. माझे वडील एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाले, तेव्हा मी दोन वर्षांची होते. त्यांची पेटी आली नाही. मेल्याची बातमीही आली नाही. 'बेपत्ता' एवढा एक शब्द आला, आणि त्या शब्दावर आईनं सगळा जन्म काढला. आजऱ्याकडचं आमचं गाव सोडून ती मला घेऊन कोल्हापुरात आली, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली, मला एम. ए.पर्यंत शिकवलं. पण कुंकू पुसलं नाही, की बांगड्या उतरवल्या नाहीत.

आता गाव शाळेजवळ एक दगड उभा करणार होतं. लढाईत गेलेल्या गावच्या पोरांची नावं त्यावर कोरायची होती. सुभेदार विचारायला आले होते ते त्यासाठीच. म्हातारा माणूस, वडिलांच्याच पलटणीतला. आईनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

"जित्या माणसाचं नाव दगडावर घालत्यात व्हय, सुभेदार?" एवढंच म्हणाली.

मी मधे पडले. म्हणाले, "आई, आता तरी…"

तिनं नुसतं बघूनच मला थांबवलं.

आणि आता ती शेवटच्या रांगेत बसली होती, आणि पडद्यावर एक मुलगी आपल्या बापाची वाट बघत होती.

त्या चित्रपटाचं नाव आमच्यापैकी कुणालाच धड उच्चारता येत नव्हतं. दूरच्या कुठल्याशा थंड देशातला होता. लढाई चालू असते, मिठाच्या खाणीवर जगणाऱ्या एका गावात परकं सैन्य तळ देऊन बसलेलं असतं, आणि गावातल्या बाप्यांना कुठं तरी हाकलत नेलेलं असतं. दहा वर्षांची एक मुलगी बंद पडलेल्या खाणीत उतरते. तिथं तळाशी एक मीठराणी बसलेली असते. सगळं अंग मिठाचं. ती रडली की गालावर खळगे पडतात. तिच्याभोवती लढाईत हरवलेली माणसं गप्प बसलेली असतात. ती मुलीला म्हणते, "तुझ्या बापाची एक एक आठवण मला दे. दर आठवणीला मी त्याला एक एक पायरी वर आणते."

मुलगी देते. सगळ्या देते. आणि शेवटी बाप घराच्या दारात उभा राहतो.

चित्रपट संपला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बोलायला लागले. हा चित्रपट मी शिरगुप्पे सरांच्या घरी भिंतीवर चादर लावून आठवडाभर बघितला होता. सर निवृत्त चित्रकला शिक्षक, त्यामुळं रंगांवरून आमचं भांडणही झालं होतं. सगळं तोंडपाठ होतं.

"वरचं जग बघा," मी म्हणाले. "सगळं निळसर, राखाडी. कॅमेरा एका जागी गाडल्यासारखा. खाली गेलं की उजेड मधासारखा पिवळा होतो आणि कॅमेरा तरंगायला लागतो. म्हणजे भुताखेतांची जागा दिग्दर्शकानं ऊबदार केलीय आणि माणसांची गार. आपल्यालाही वाटतं, पोरीनं खालीच जावं. आता आवाज ऐका. वर तोफा धडधडतात. पोरगी खाली उतरते तसा तोच धडाका बारीक होत जातो आणि खाली पोचेपर्यंत त्याचं पाणी ठिबकणं होतं. म्हणजे लढाई खालीही आहेच, फक्त ओळखू येत नाही."

मग मी त्या आठवणीच्या दृश्याबद्दल बोलले. बाप मुलीला पाठुंगळी घेऊन बर्फातून चालतो, एवढंच ते दृश्य. ते पुन्हा पुन्हा येतं. पहिल्यांदा त्याच्या गळ्यात लाल मफलर असतो, तो शीळ घालतो, मागं वळून हसतो. मुलीनं पहिली आठवण दिल्यावर तेच दृश्य येतं, पण शीळ नसते. दुसऱ्या वेळी मफलरचा लाल रंग जातो. तिसऱ्या वेळी कॅमेरा मागंच राहतो आणि बापाचं तोंड दिसत नाही.

समोरच्या रांगेत एक वकीलसाहेब होते. त्यांनी हात वर केला. "ते सगळं खरं हो मॅडम. पण मला एक सांगा, शेवटाला बाप आला की नाही?"

उत्तर माझ्या कागदावर लिहिलेलं होतं. मी तोंड उघडलं आणि नजर शेवटच्या रांगेत गेली. आई पुढच्या खुर्चीची पाठ धरून, मान पुढं काढून माझ्याकडे बघत होती. वकीलसाहेबांपेक्षा तिलाच ते ऐकायचं होतं.

"ते दिग्दर्शकानं आपल्यावर सोपवलंय," मी म्हणाले. "ज्यानं त्यानं ठरवावं."

शिरगुप्पे सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

घरी जाताना आई पुढं चालत होती. चौक ओलांडल्यावर म्हणाली, "त्यो वकील इचारत हुता, त्येचं उत्तर तुला येतं नव्हं?"

"येतं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

मी हातातल्या टाचणाच्या कागदांची घडी घातली.

"मी हुतो म्हणून?" मनातलं बोलताना ती गावाकडच्या बायकांसारखी 'हुतो' म्हणायची.

"होय."

ती थांबली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "उद्या मला परत दाखीव. सगळं नको. निस्ता शेवट."

दुसऱ्या दिवशी दुपारी रिळं परत जायची होती. सकाळीच मी शिरगुप्पे सरांकडे गेले. त्यांनी काही न विचारता सभागृहाची किल्ली दिली आणि नबीलालला निरोप धाडला. नबीलाल यंत्र चालवायचा. आला तो कुरकुरत आला, पण शेवटचं रीळ चढवताना आईला म्हणाला, "मावशी, पुढं बसा. मागनं काय दिसणार तुम्हाला?"

आई पहिल्या रांगेत मधोमध बसली. मी तिच्याशेजारी. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या. दिवे गेले.

तिसऱ्यांदा ते दृश्य आलं. बर्फ, पाठमोरा बाप, पाठीवर पोरगी.

"ह्यात मफलर हुता आधी," आई म्हणाली.

"होय. तिनं देऊन टाकला."

"आन् शीळ."

"तीही."

"देऊन टाकलं म्हंजे तिला आता आठवत न्हाई?"

"नाही आठवत. म्हणून आपल्यालाही दिसत नाही, ऐकू येत नाही. चित्रपट तिच्या डोक्यातनं चाललाय, आई. तिच्याकडे जे उरलंय तेवढंच तो आपल्याला दाखवतो."

आई पुढं सरकून बसली. मग घर आलं. दार उघडलं. बाप आत आला, मुलगी धावत गेली आणि त्याच्या कमरेला बिलगली. घरात सगळीकडं तो मधासारखा उजेड.

"हे घर निळं हुतं," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "काल तू म्हणालीस, वर सगळं निळं. मग ह्यो पिवळा उजेड वर कुठनं आला?"

आता मला पळायला जागा नव्हती. खरं तर नकोही होती.

"तो खाणीतला उजेड आहे," मी म्हणाले. "आता कान दे. तोफा वाजतायत?"

"न्हाईत."

"काय ऐकू येतंय?"

ती ऐकत राहिली. "पाणी. ठिबाकतंय."

"आणि तो लाकडी जमिनीवरून चालत आला. जड बूट आहेत पायात. पावलं वाजली?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"बाप घरी आलेला नाही, आई. ती पोरगी वर आलीच नाही. ती खालीच राहिली."

"थांबीव," आई म्हणाली. मला नव्हे, मागं वळून नबीलालला. चित्र एका जागी धरून ठेवलं तर दिव्याच्या उष्णतेनं फिल्म जळते, म्हणून त्यानं यंत्रच बंद केलं. सगळा अंधार झाला. दाराच्या फटीतून सकाळचं ऊन येत होतं, तेवढंच.

मला वाटलं, ती रडणार. किंवा उठून जाणार. मी तिचा हात धरायला गेले, तर दोन्ही हात मांडीवर घट्ट मुठी आवळून ठेवलेले.

"वैजू," ती म्हणाली, "मला त्यांचा आवाज आठवत न्हाई."

मी तिच्याकडे वळले.

"कवापासनं, ते ठावं न्हाई. कुणाला सांगू? रोज वाट बघतो मी. रोज येत्यात बी. कडी काढत्यात, आत येत्यात, पाटावर बसत्यात. समदं दिसतंय मला. पण बोलत न्हाईत. मला वाटायचं, रागावल्यात माझ्यावर." ती जराशी हसली. ते हसणं रडण्यापेक्षा वाईट होतं. "रागावलं न्हाईत. मीच दिऊन बसलो समदं."

"आई, ते निघाले तेव्हाचं, आजऱ्याच्या स्टँडावरचं, तुला आठवतं ना?"

"आठवतं की. एसटी लागली, बसलं नि गेलं."

ती गोष्ट एवढीशी नव्हती. मी लहान होते तेव्हा रोज झोपताना ती मला ती सांगायची. किती मोठी असायची, किती वेळ चालायची! मी मोठी होत गेले, तशी तिनं ती सांगायची सोडली. आणि आता तिच्याकडे उरलं होतं ते इतकंच. मला वडील आठवत नाहीत. त्यांचा चेहरा मी फोटोत बघितलेला. पण ती गोष्ट माझ्याकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत होती.

"तसं नव्हतं," मी म्हणाले. "मी सांगते तुला. तूच सांगितलेलं."

अंधारात मी सांगायला लागले.

"सकाळची वेळ होती. तू त्यांचा शर्ट आदल्या दिवशी तांब्यात निखारे घालून इस्त्री केला होतास. स्टँडावर त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि मी तो शर्ट ओला केला."

आई दचकल्यासारखी हलली.

"तू म्हणालीस, ट्रंकेतला दुसरा काढून देते. ते म्हणाले, 'ऱ्हाऊ दे, वाळतंय. पोरीचा वास घिऊन जातो.' "

"म्हणालं हुतं," आई म्हणाली. "म्हणालं हुतं गं."

"मग गाडी सुटली. ते खिडकीपाशी बसले होते. तू लाजून बाजूला उभी होतीस, कारण गावचे लोक होते. ते तुला कधीच नावानं हाक मारायचे नाहीत. नुसतं 'अगं'. पण गाडी वळली आणि त्यांनी खिडकीतनं डोकं बाहेर काढून हाक मारली. सगळ्या स्टँडाला ऐकू जाईल अशी. 'वैजूची आईऽऽ!' आवाज घोगरा होता, भजनात गाऊन गाऊन बसल्यासारखा. तू सांगायचीस, फुटक्या ढोलासारखा. आणि पुढं काय म्हणाले ते गाडीच्या आवाजात तुला ऐकू आलं नाही. तू बरेच दिवस विचार करायचीस, काय म्हणाले असतील."

आईच्या मुठी सुटल्या होत्या. मग तिनं पदर तोंडावर धरला आणि ती रडली. मी तिला कधीच असं रडताना बघितलं नव्हतं, आवाज करून, हमसून. नबीलाल मागच्या मागं बाहेर निघून गेला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मला त्या वेळी एक विलक्षण गोष्ट वाटत होती. जन्मभर मी तिच्या वाट बघण्याला कंटाळले होते, आणि आता त्या ओल्या शर्टाबद्दल बोलताना पहिल्यांदाच मला माझे वडील हवेसे झाले. फोटोतले नाहीत. ओल्या खांद्याचे.

"ढोलासारखा न्हाई," ती बऱ्याच वेळानं म्हणाली. डोळे पुसून झाले होते. "चेष्टेनं म्हणायचो मी तसं. बरा हुता आवाज. लई बरा हुता."

त्यानंतर घरी या विषयावर आम्ही बोललो नाही. पण आठवड्याभरानं सुभेदारांचा माझ्यासाठी वसतिगृहात फोन आला, आणि मला कळलं की आई एक दिवस रजा काढून, मला न सांगता, एकटीच एसटीनं गावी जाऊन आली होती.

पंधरा ऑगस्टला सकाळी आम्ही दोघी गावी गेलो. शाळेसमोर गाव जमलं होतं. पोरांनी झेंड्याला सलामी दिली, मास्तरांचं भाषण झालं, आणि मग सुभेदारांनी दगडावरचं फडकं काढलं. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं होती. रिमझिम चालू होती, अक्षरांत पाणी साचलं होतं. सुभेदार एकेक नाव वाचत होते, आणि त्या त्या घरचं माणूस पुढं होऊन फुलं वाहत होतं.

आमची पाळी आली तेव्हा सुभेदार अडखळले. त्यांनी आईकडे बघितलं, मग दगडाकडे.

"थांबा, सुभेदार," आई म्हणाली आणि पुढं झाली. "नाव मी घेते."

मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायकांत कुजबुज झाली आणि लगेच थांबली. माझ्या जन्मात मी तिच्या तोंडून ते नाव कधी ऐकलं नव्हतं. कुणी विचारलं तरी ती 'हे', 'वैजूचं वडील', असंच म्हणायची. लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच.

"श्रीपती दौलू खोराटे," ती म्हणाली. न अडखळता, खणखणीत.

सुभेदारांनी हात उचलून सलामी ठोकली, आणि तो म्हातारा हात किती तरी वेळ खाली आला नाही.

आईनं फुलं ठेवली. लिहिता-वाचता तिला बेताचंच यायचं. अक्षरांवरून बोट फिरवत फिरवत ती नावाच्या शेवटाला आली, आणि तिथं तिचं बोट थांबलं.

"हे काय लिवलंय?"

"वय," मी म्हणाले. "सव्वीस."

"सव्वीस," ती म्हणाली.

मी तेव्हा तिशीची होते. ती पन्नाशीला आली होती, केस निम्मे पांढरे झाले होते. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. मग पदराचं टोक घेऊन तिनं दगडावरचं पाणी टिपलं, सावकाश, खालून वर, जसं बाहेरून भिजून आलेल्या लेकराचं तोंड पुसतात तसं.

"सव्वीस म्हंजे काय गं, वैजू," ती म्हणाली. "पोरगंच हुतं की माझं."